जुनी बोट बंद पडली, तर सिद्ध कोणी करायचं?

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री

विषय : जुन्या बोटींच्या विक्रीत विक्रेत्याची जबाबदारी कायद्याने निश्चित करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका विक्रेत्याकडून जुनी बोट घेतली आणि अकराव्या दिवशी ती भर पाण्यात निकामी झाली. इंजिन बंद पडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. इंजिन जोरात गुरगुरत होतं, पण बोट जागची हलत नव्हती. थ्रॉटल पुढे ढकलला की फक्त आवाज वाढायचा. वारा आम्हाला खडकांकडे लोटत होता आणि बोटीत आम्ही चौघे होतो, त्यातला एक नऊ वर्षांचा. नांगर टाकला. पहिल्यांदा तो धरलाच नाही, दुसऱ्यांदा धरला. दीड तासाने दुसऱ्या एका बोटीने आम्हाला दोर लावून ओढत आणलं. रस्त्यात गाडी बंद पडली की माणूस ती कडेला घेतो आणि खाली उतरतो. पाण्यात ती सोय नसते. म्हणून या पत्रातला विषय फक्त पैशांचा आहे असं कृपया समजू नका.

बोट किनाऱ्याला आल्यावर मेकॅनिकने आधी पंखा काढला, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलतो तो. पंख्याच्या आतलं रबर सुटलं असेल, असा त्याचा अंदाज होता. पण रबर शाबूत होतं. पंख्याच्या दांड्याला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला गेला असेल तर सील (पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी) कापलं जातं, म्हणून त्याने तेही पाहिलं. तंगूस नव्हता. मग त्याने इंजिनाची ताकद पंख्याला देणाऱ्या खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू सोडला. ऑईल आलं ते दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेलं. स्क्रूच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर पोलादाचे बारीक तुकडे चिकटले होते. गिअरबॉक्स उघडल्यावर त्याने एक बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर नख अडकेल एवढे खोल गंजाचे खड्डे होते. "हा गंज अकरा दिवसांचा नाही," एवढंच तो म्हणाला.

माझ्या पावतीवर विक्रेत्याच्याच हाताने लिहिलं आहे : गिअर ऑईल बदललं. नवं ऑईल भरलं की ते पहिले काही तास स्वच्छच दिसतं. पण जुनं ऑईल ज्याने काढलं त्याला त्याचा रंग दिसलेलाच असणार, आणि तो रंग पाहणारा माणूस मी नव्हतो. बोट घेताना मला इंजिन चालवून दाखवलं होतं, तेही जमिनीवर, पाण्याचा पाइप लावून. अशा चाचणीत इंजिन सुरू होतं का आणि थंड राहतं का, एवढंच कळतं. पंखा हवेत फिरतो, गिअरवर भार येत नाही. नेमका जो भाग मोडायला आला होता, त्याची परीक्षा झालीच नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. विक्रेत्याचा तर हा रोजचा धंदा आहे.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोन उत्तरं मिळाली. पहिलं : तुम्हीच तंगूस अडकवून सील कापलं असेल. दुसरं : करारात "जशी आहे तशी" लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. सही माझीच आहे. पहिल्या उत्तरावर मी मेकॅनिकचा अहवाल दाखवला, तर "तो तुमचा माणूस" असं ऐकावं लागलं. विक्रेत्याचं नाव मी इथे घेत नाही. त्यांची बदनामी करायला हे पत्र लिहिलेलं नाही. उद्या दुसऱ्या कुणाकडून बोट घेतली तरी माझ्या हातात हाच कागद पडणार आहे.

मंत्रिमहोदय, सगळं अडतं ते पुराव्यापाशी. माझ्याकडे निदान ते गंजलेलं बेअरिंग तरी आहे. कित्येक दोष असा साक्षीदार मागे ठेवत नाहीत. डिझेलच्या टाकीच्या तळाशी साचलेला गाळ संथ पाण्यात तळाशीच राहतो. लाटा लागल्या की तो ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन विझतं. तेही नेमकं लाटा असतानाच. एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाचा धूर आणि थंड करणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा, कोपरा आतून गंजून पातळ झाला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं, बाहेरून रंग मात्र जसाच्या तसा. फायबरच्या आत लाकूड घातलेलं असतं. इंजिन टांगायच्या मागच्या फळीतलं ते लाकूड कुजलं तरी वरून चकचकीत दिसतं. हातोडीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, आणि तो ओळखायला कान तयार असावा लागतो. मोटारीला किलोमीटर तरी दिसतात. बोटीला असलाच तर तासांचा मीटर असतो, आणि तो बदलून नवा बसवला तर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो.

हे सगळं तपासता येतं. गिअरबॉक्समध्ये हातपंपाने हवा भरून दाबाचा काटा खाली येतो का, म्हणजे सील गळतंय का, ते बघायला काही मिनिटं पुरतात. बोट विक्रेत्याच्या आवारात पाण्याबाहेर, स्टँडवर उभी असते. हत्यारं त्याच्याकडे, माणसं त्याची, वेळही त्याच्याकडे. ग्राहक येतो तासाभरासाठी. तरीही बोट मोडल्यावर "दोष आधीपासून होता" हे सिद्ध करायचं ओझं ग्राहकाच्या डोक्यावर. ज्याला तपासण्याची संधी होती त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

यावर दुसरीकडे उत्तर शोधलं गेलं आहे. इंग्लंडच्या 1893 च्या माल विक्री कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल काही अटी न लिहिताही करारात गृहीत धरलेल्या होत्या. पण करारात तसं लिहून त्या बाजूला सारायची मुभाही त्याच कायद्यात होती. "जशी आहे तशी" हे शब्द याच फटीतून आत येतात. ब्रिटनने 1973 मध्ये सामान्य ग्राहकापुरती ही फट बुजवली. तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू 30 दिवसांत परत करण्याचा हक्क आहे. दुरुस्ती किंवा बदली मागताना, पहिल्या सहा महिन्यांत उघड झालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं आणि तसं नव्हतं हे व्यापाऱ्याने दाखवायचं असतं. वस्तू जुनी आहे म्हणून हे हक्क नाहीसे होत नाहीत. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात तर पुराव्याचं हे ओझं किमान एक वर्ष विक्रेत्यावर आहे. जुन्या मालासाठी जबाबदारीचा काळ करारात कमी करण्याची सवलत सदस्य देश देऊ शकतात, पण एका वर्षाच्या खाली नाही.

आपल्या खात्याने हेच तत्त्व जुन्या बोटींना स्वच्छ शब्दांत लागू करावं, ही माझी मागणी आहे. विक्रीनंतर सहा महिन्यांत इंजिन, गिअर, सांगाडा किंवा इंधनव्यवस्थेत मोठा दोष निघाला, तर तो आधी नव्हता हे धंदा म्हणून बोट विकणाऱ्याने सिद्ध करावं. "जशी आहे तशी" या शब्दांनी ही जबाबदारी टळू नये. मात्र विक्रेत्याने एखादा दोष नेमका लिहून दिला असेल आणि ग्राहकाने तो वाचून बोट घेतली असेल, तर त्या दोषापुरती तक्रार चालू नये, हे मला मान्य आहे. विक्रीआधी पाण्यात, माणसांच्या वजनासह, पूर्ण वेगापर्यंत चाचणी व्हावी आणि तिची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. विक्रेत्याने काय तपासलं आणि काय तपासलं नाही, तेही लेखी द्यावं. "तपासलं नाही" हे लिहिलेलं वाचूनसुद्धा ग्राहक सावध होतो.

एक पळवाट आत्ताच बंद करायला हवी. कायदा कडक झाला की काही जण म्हणतील, बोट आमची नाहीच, मूळ मालकाची आहे, आम्ही फक्त मध्यस्थ. खरा मध्यस्थ असतो, त्याला मी दोष देत नाही. एका घरगुती मालकाने दुसऱ्याला बोट विकली तर त्याच्यावर व्यापाऱ्याइतकं ओझं टाकणंही चूक ठरेल. पण जाहिरात ज्याची, आवार ज्याचं, पैसे ज्याच्या खात्यात, त्याने मूळ मालकाचं नाव पैसे घेण्याआधी लेखी सांगितलं नसेल, तर विक्रेता तोच मानावा.

जुनी वस्तू जुनीच असते, हे मला कळतं. बॅटरी उतरेल, पंपातलं रबरी चाक झिजेल, पट्टा तुटेल, त्यासाठी कुणी विक्रेत्याच्या दारात जाऊ नये. माझ्या दांड्याला तंगूस सापडला असता तर मीही गेलो नसतो. अशा नियमाने जुन्या बोटी महाग होतील, असं व्यापारी म्हणतील. थोड्या होतीलही. आज तो खर्च ग्राहक नंतर, एकटा भरतो, आणि मनापासून तपासून बोट विकणारा विक्रेता न तपासणाऱ्यापुढे महाग ठरून मागे पडतो. असे विक्रेते आहेत. मी त्यांच्याशी बोललो आहे, आणि लेखी तपासणीला त्यांची ना नाही.

ते बेअरिंग, पावती आणि मेकॅनिकचा अहवाल मी जपून ठेवला आहे. आपण किंवा आपल्या खात्यातील अधिकाऱ्यांनी वेळ दिल्यास हे सगळं घेऊन मी भेटायला येईन.

कळावे,

आपला नम्र,
एक बोटमालक