टॅबची वाढीव वॉरंटी नको, बिल जपा

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा आणि आईस सा. न.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते, एवढं आईला आधी वाचून दाखवा. थंडी बाहेर असते, घरात नाही.

आता धाकट्याच्या टॅबचं. "लांब बसून नको म्हणायला काय जातंय, बिघडला तर बघणार कोण?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. बाबा, पैसे वाचवायचे म्हणून मी नको म्हणत नाही. खडे बाजारातला दुकानदार २४,००० च्या टॅबवर २,४०० घेऊन वॉरंटी एक वर्ष वाढवून देतोय, त्यात तो नेमकं काय विकतोय ते बघा. "चिंती माडब्याड्री (काळजी करू नका), सगळं कव्हर हाय" हे झालं तोंडचं. कागदावर तसं नसतं.

कंपनीची एक वर्षाची वॉरंटी टॅबबरोबर येतेच (चार्जर-केबलला पुष्कळदा सहाच महिने). वाढीव वॉरंटी म्हणजे तीच पुढच्या वर्षाला. मदरबोर्ड बसला किंवा न पडता-आपटता डिस्प्लेवर रेघा आल्या तर दुरुस्ती, बस्स. काच फुटली, पाणी गेलं, चोरी झाली, वापरून वापरून बॅटरी लवकर उतरायला लागली, यातलं काही त्यात बसत नाही. शिवाय कारखान्यातला दोष असलाच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत, फुकटच्या वर्षातच बाहेर पडतो. दुसऱ्या वर्षी टॅब जातो तो पडून, नाहीतर चार्जिंगच्या तोंडात ओल शिरून. हिशोब करून बघा: दुरुस्ती ८,००० ची धरली तर दहातल्या तीन टॅबमध्ये त्या एका वर्षात कारखान्याचा दोष निघायला हवा, तेव्हा कुठं हे २,४०० फिटतात. इतके टॅब बिघडत असते तर दुकानदारानं ही वॉरंटी विकलीच नसती.

पाण्याचं खोटं बोलून चालत नाही. आत छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला उघडून आधी तीच बघतो. आपल्या खानापूरच्या पावसात म्हणून सांगते, भिजल्या हातानं केबल लावू नये. हेस्कॉमची (आपल्या वीज कंपनीची) लाइट गेली-आली आणि विजेच्या वाढलेल्या दाबानं बोर्ड जळला तर तेही 'बाहेरचं कारण' म्हणून नाकारतात. चांगला स्पाइक गार्ड घ्या, पण वीज कडाडायला लागली की त्याच्या भरवशावर न राहता चार्जर सरळ उपटून ठेवा.

काही घ्यायचंच असेल तर 'अॅक्सिडेंटल डॅमेज'चा, म्हणजे पडून-फुटून होणाऱ्या अपघाती नुकसानीचा प्लॅन विचारा, आणि तोही टॅबच्या कंपनीचा. आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून याच मॉडेलच्या डिस्प्लेचा दर घ्या. तो टॅबच्या निम्म्या किमतीला टेकत असेल आणि प्लॅन स्वस्त असेल, तर विचार करा. मुदत कधीपासून धरतात, दर क्लेमला आपण किती भरायचे, टॅब जुना झाला म्हणून घसारा कापतात का, टॅब बेळगावातच घेतात की हुबळीला पाठवावा लागतो, हे लिहून घ्या. असे प्लॅन खरेदीनंतर थोड्याच दिवसांत घ्यावे लागतात. यातलं काही जमलं नाही तर कडा उंच असलेलं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास घ्या, उरलेले पैसे बाजूला ठेवा.

"तिकडूनच का आणत नाहीस?" याचंही उत्तर देते, नाहीतर आई रुसेल. इथं जर्मनीत कायद्यानं दोन वर्षं जबाबदारी असते, पण ती विकणाऱ्या दुकानाची. बिघडला तर टॅब परत स्टुटगार्टला पाठवायचा का? शिवाय १९ टक्के कर इथंही आहेच. कोल्हापुरातून घ्यायचा म्हणाल तर कराचं तेच, जीएसटी बेळगावात काय नि कोल्हापुरात काय, १८ टक्केच.

इथल्या लोकांचं कागद जपायचं एक वेड मात्र घेण्यासारखं आहे. घरोघरी आठ सेंटीमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या फायली, त्यांना 'ओर्डनर' म्हणतात. प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडायची, बरोबर ८० मिलिमीटर अंतरावर, आणि आतल्या कमानीत अडकवायचा. पाडायचं यंत्रही घरातच. पाठीला बोट घालायला गोल भोक, म्हणजे गच्च कपाटातूनही फाइल ओढता येते. ही तरफेची फाइल काढणाऱ्या लुई लाइट्झचा कारखाना याच गावात, १८९६ ची गोष्ट. मिक्सरचं बिलसुद्धा त्यात! आपल्याकडं बिल जातं देव्हाऱ्यामागं, नाहीतर गादीखाली. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेनं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत उडतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो मला पाठवा.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. नुसत्या वायफायच्या टॅबला आयएमईआय (सिमवाल्या फोनचा ओळख क्रमांक) नसतो. तो रकाना दुकानदार कोरा सोडतो आणि पुढं टॅब आपलाच हे सिद्ध करताना पंचाईत होते. कुणी क्लेम अडवलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करा. त्यानंही झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते, टॅब कोल्हापुरात घेतलेला असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मी ६०,००० पाठवले आहेत. टॅबचे त्यातून घ्या, बाकीचे आईच्या मोतीबिंदूला. ऑपरेशन माझ्या सुट्टीसाठी थांबवू नका, मी तिथं असून काय वेगळं करणार होते, थेंबच घालायचे ना. धाकटा घालेल. निपाणीच्या स्थळाचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. डिसेंबरात आल्यावर बोलू. नक्की म्हणत नाही, पण तिकिटाचे दर रोज बघते.

तुमची,
थोरली

ता. क. धाकट्याला म्हणावं, खोकं फेकू नको. सिरियल नंबर त्यावरही असतो.