गोसेखुर्दच्या बुडीतातलं एक तरी गावठाण जपा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या ओसाड पडलेल्या गावठाणांबद्दल लिहितोय, जागा द्याल ही विनंती. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं, पुढं एकेक करून गावं उठली. मोबदला, प्लॉट, नागरी सुविधा यावर पेपरात येत असतं आणि ते आलंच पाहिजे, पण मागं राहिलेल्या गावाचं काय हे कोणी विचारतच नाही.

जाताना लोकांनी सागाची लाकडं, चौकटी, कवेलू काढून नेले. नेणारच ना, नवीन घर कशानं बांधणार होते? पण छप्पर गेलं की मातीची भिंत दोन-चार पावसाळ्यात बसते. आमच्या जुन्या गावात एका घराची अर्धी भिंत उभी आहे, तिच्यात दिव्याचा कोनाडा, वर काजळी अजून तशीच काळी, पांढऱ्या मातीचा पोतारा दिसतो आणि बाजूलाच भूसंपादनाच्या वेळी टाकलेला घराचा नंबर. मारोतीचा पार, पोळ्याचं तोरण बांधायचे तो आखर, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, रात्रभर दंडार हे लोकनाट्य रंगायचं ती जागा, सगळं झुडपात गेलं.

पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन करून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला, फार मोठं काम झालं ते. मग ज्या गावची माणसं अजून जिवंत आहेत ते गाव डोळ्यादेखत का जाऊ द्यायचं? राजस्थानात जैसलमेरजवळचं कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव, तिथल्या सरकारनं जपलंय, टुरिस्ट येतात, पण कितीतरी जण भुताच्या गोष्टींसाठीच. तसं इथं नको.

धरणाची पूर्ण पातळी 245.5 मीटर आहे, तिच्या वर राहणारं एक गावठाण निवडा, चार-पाच घरांवर परत कवेलू चढवा, भिंती लिंपा आणि देखरेख पुनर्वसित गावातल्याच पोरापोरींना पगार देऊन सोपवा. शंभर वर्षं जुनं नाही म्हणून केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात बसत नसेल तर राज्यानं पर्यटनाच्या निधीतून करावं. आणि म्हातारी माणसं आहेत तोवर कोणतं घर कोणाचं, विहीर कोणी खोदली, हे त्यांना सोबत नेऊन लिहून घ्या, फोटो काढा, त्याला मंजुरीची वाट पाहायची गरज नाही, ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर याच उन्हाळ्यात होतं.

आपला,
एक प्रकल्पग्रस्त वाचक, ता. पवनी, जि. भंडारा