सुध्यास, तुऱ्याहून

तुरा, मेघालय

प्रिय सुध्या,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी तब्येत बरी. साखर आटोक्यात, आईचे गुडघे तसेच.

पिंट्या येतोय, ताईचा. दिवाळी झाली की पोरं कॅमेरे घेऊन पुण्याहून गुवाहाटीला आणि तिथून इकडे गारो टेकड्यांत. त्याला मांदे बुरुंग हवाय. इथल्या रानातला तो केसाळ, माणसासारखा दोन पायांवर चालणारा, लोक सांगतात त्याप्रमाणे दहा-दहा फूट उंच. मांस खात नाही. फळं, मुळं, झाडांच्या साली खातो. आमच्या घरमालकिणीचे मामा नोक्रेक डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहतात. त्यांनी तो तरुणपणी पाहिलाय. हे मी ताईला बोललो, ताईने पिंट्याला सांगितलं, आणि आता पिंट्याचे रोज फोन: "मामा, ते आजोबा हवेतच."

या म्हाताऱ्याला सगळे आच्चू म्हणतात, आपण आजोबा म्हणतो तसं. घरमालकिणीची धाकटी मुलगी दुभाषी म्हणून शेजारी बसली होती. आच्चूने आधी चूल सारखी केली, मग सांगायला लागला. झूमच्या, म्हणजे रान जाळून केलेल्या फिरत्या शेतात निंदणी चाललेली, दुपार, खालच्या ओढ्याकडे रानकेळी मोडल्याचा आवाज. त्याला वाटलं हत्ती. वाकून पाहिलं तर पाठमोरं कुणीतरी बसलेलं, खांदे काळे-करडे, आणि हाताने केळीचा गाभा सोलून खाणं चाललेलं. उठून उभं राहिलं तेव्हा किती उंच होतं ते दाखवायला आच्चू स्वतः उठला, कोयता वर केला आणि त्याचं टोक छताच्या बांबूला टेकवलं. त्या बांबूवर त्या जागी बरेच ओरखडे आहेत रे. कितीदा सांगितलं असेल त्याने! आणि दर वेळी कोयता तिथेच टेकतो.

तू म्हणशील अस्वल असेल. पोटभर शंका घे, तुझा तो हक्कच आहे. (कॉलेजच्या सहलीत तुझं घोरणं ऐकून सबंध तंबू अस्वल आलं म्हणून बाहेर पळाला होता, हे विसरलो नाही.) केसांची गोष्टही मला माहीत आहे. 2003 साली इथल्या एका वनकर्मचाऱ्याने लागोपाठ तीन दिवस तो पाहिल्याचं सांगितलं. त्या जागेवरचे केस दिपू मराक यांनी जपून ठेवले. हे गृहस्थ वर्षानुवर्षं याच्या मागावर आहेत. 2008 मध्ये केस ब्रिटनला गेले, मग अमेरिकेत डीएनए तपासणी झाली, आणि निघाला गोरल, शेळीच्या कुळातला. ते केस गोरलचे, हे मी मान्य करतो. पण आच्चूने पाहिलं ते काय, याचं उत्तर त्या केसांत नाही.

आणि माझी काळजी ती नाहीच. माझी काळजी आहे पिंट्याचं संकलन. मागे ढोल, म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ कॅमेरा, खाली रंगीत अक्षरं. पोरगा वाईट नाही, पण बघणारे कसे असतात? 2019 ला आपल्या लष्कराने हिमालयातल्या मकालू शिखराच्या तळाजवळ यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या पावलांचे 32 बाय 15 इंचांचे ठसे मिळाले म्हणून फोटो टाकले, तेव्हा देश आठवडाभर हसत होता. लष्कराला लोकांनी सोडलं नाही, मग या म्हाताऱ्याला कोण सोडणार?

घरमालकिणीचा मुलगा म्हणतो, येऊ द्या, चार पर्यटक आले तर घरातल्या दोन खोल्या भाड्याने जातील. त्याचंही खोटं नाही. सुपारीच्या भावावर घर चालवणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण नोक्रेकच्या वरच्या रानात आच्चूच्या पिढीची माणसं उगीच जात नाहीत, फांदी तोडत नाहीत. तिथे रानटी संत्र्याची झाडं आहेत, मेमांग नारांग, भुतांचं संत्रं. मृतांच्या विधीत वापरतात. पहाटे हुलॉक गिबन, ती बिनशेपटीची माकडं, ओरडतात तेव्हा अख्खी दरी उठते. या टेकड्यांत सेलबालग्रेच्या गावकऱ्यांनी गिबनसाठी स्वतःच्या जमिनीतलं रान राखून ठेवलंय. हे सगळं त्याच धाकाने आणि मायेने टिकलंय असं मला मनापासून वाटतं. उद्या तिथे ड्रोन घेऊन पोरं हिंडायला लागली की काय होईल?

आणि खरी गोची अशी की आच्चू तयार आहे. "कुणीतरी लिहून घ्यावं," म्हणाला. धुतलेला सदरासुद्धा काढून ठेवलाय त्याने.

तुला आबांचा तो काळा कोट आठवला असेल. त्या वार्ताहराला तू घरी आणलंस म्हणून मी तुला काय काय बोललो होतो, आणि तू परीक्षा संपेपर्यंत माझं तोंड पाहिलं नाहीस. आबांनी काळा वाघ पाहिल्याची बातमी छापून आली, आणि मग तिठ्यावरची ती पोरं: "काय आबानू, आज वाघ काळो की गोरो?" आज आंबोली-तिलारीकडे काळा बिबट्या आहे म्हटलं तर शेंबडं पोरही हसत नाही. पण आबा तेव्हापासून संध्याकाळचे तिठ्यावर गेले नाहीत, ते नाहीतच.

आच्चूला मी आबांचं सांगितलं. त्याने विचारलं, वाघाने त्यांना काही केलं का? म्हटलं, नाही. मग गप्प बसला आणि विडा लावायला लागला.

पिंट्याला नाही म्हणायचं तर आच्चूचा शब्द मोडतो. हो म्हणायचं तर माझा जीव राहत नाही. मधला मार्ग काढलाय: आधी नुसता आवाज ध्वनिमुद्रित करायचा, गारोत, अख्खा, एक शब्द न कापता, आणि त्याची प्रत घरमालकिणीच्या मुलीकडे ठेवायची. चित्रीकरण त्यानंतर, तेही पोरीने पाहून हो म्हटलं तरच बाहेर जाईल. पिंट्या कुरकुरतोय. तू त्याला फोन कर, तुझं ऐकतो तो.

मन्याच्या लग्नाचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? घराचं छप्पर पावसाआधी केलंस की नाही?

आणि एक सांग. आबा त्या बातमीबद्दल तुझ्यापाशी नंतर कधी काही बोलले का? मी इतकी वर्षं विचारलं नाही. बोलले असतील तर पोरं इथे पोचायच्या आत कळव, जसं बोलले तसंच.

तुझा,
दिन्या