बीड उतरवलं, नळ्या चढवल्या

रॉयल ओक, मिशिगन
नवरात्राच्या तोंडावर

प्रिय सुऱ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "चांगलं बिडाचं ओतकाम काढून तिथं पाइपा लावल्यास? आमच्या पोटावर पाय आणतोस काय लेका?" हे घरात मोठ्यानं लावलं, तर बायको अजून हसतेय. फोनवर तुला काही समजावून सांगायचं म्हणजे मागं भट्टीचा ब्लोअर, पुढं तुझा सुपरवायझर. म्हणून सरळ पत्रच लिहितो. शिरोलीच्या फाउंड्रीतून घरी गेल्यावर निवांत वाच.

आधी एक सांगतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा तो बिडाचा, ओतीव लोखंडाचा भाग, मी हौसेनं उतरवला नाही. गाडी तुला फोटोत दाखवलीच आहे, 1970 ची शेव्हेल मालिबू. साडेतीनशे घनइंचाचं व्ही-8, म्हणजे आपल्या हिशेबात 5.7 लिटर, आणि चार गिअरचा दांडा. थंडीत सकाळी चावी मारली की उजव्या बाजूनं टिक-टिक-टिक. गाडी तापली की आवाज गायब. कुणालाही वाटावं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा पुर्जा, वाजतंय. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवलं, तेव्हा चोर सापडला. मागच्या दोन पोर्टांच्या, म्हणजे धुराच्या तोंडांच्या मध्ये केसाएवढी चीर, आणि तिच्या कडेनं काजळीची काळी रेघ. बीड तापून फुगलं की चीर मिटायची, म्हणून आवाज बंद. हे तुला सांगायला नको, पण आमच्याकडे भले भले याच आवाजापायी टॅपेट बदलून बसतात.

आता तुझ्या कामाची गोष्ट. मॅनिफोल्ड उतरवून वायर ब्रश मारला तर गंजाखालून ओतकामाची तारीख उमटली: एल 9 9. महिन्याला इंग्रजी अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे 9 डिसेंबर 1969 चा ओत. इथले जुन्या गाड्यांचे शौकीन या एवढ्याशा खुणेवर जीव टाकतात. ओताची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेच्या थोडी आधीची हवी, नंतरची असली की गाडीची किंमत पडली. त्यामुळे बरोबर तारखेचा, न चिरलेला मॅनिफोल्ड शोधायला गेलं की विकणारा तुझ्याकडे सावकारासारखा बघतो. आणि त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत दोन्ही बाजूंचे नवे हेडर, म्हणजे मॅनिफोल्डाच्या जागी बसणारे नळ्यांचे जुडगे, दारात येऊन पडतात. माझा निर्णय इथंच अर्धा झाला होता.

पण तू विचारलंस, फरक काय पडतो? लोक सर्रास सांगतात, "बॅकप्रेशर, म्हणजे धुराला होणारा उलटा अडथळा, कमी होतं, पॉवर वाढते." हे अर्धवट आहे. खरी भानगड फायरिंग ऑर्डरची, म्हणजे सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात त्याची आहे. या इंजिनाची ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. ड्रायव्हरच्या बाजूला 1, 3, 5, 7 आणि पलीकडे 2, 4, 6, 8. आता कागदावर मांडून बघ. आठही सिलिंडर मिळून क्रँकशाफ्ट फिरताना दर 90 अंशाला एक ठोका पडतो, एकदम समसमान. पण एकाच बाजूचे चार घेतले तर 1 नंतर 3 पर्यंत 270 अंश, तिथून 5 पर्यंत 180, 5 ते 7 फक्त 90, आणि परत 1 पर्यंत 180. म्हणजे 5 आणि 7, शेजारी-शेजारी बसलेले, लागोपाठ फुटतात. 5 चा पिस्टन अजून आपला धूर बाहेर ढकलतोय, तोवर 7 चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याचा दाबाचा फटका त्याच बिडाच्या नळकांड्यात येऊन आदळतो. या अमेरिकन व्ही-8 चा तो गुडगुड आवाज आपण कॉलेजात कॅसेटवर ऐकायचो ना, तो याच वेड्यावाकड्या अंतरातून येतो.

हेडरमध्ये प्रत्येक पोर्टाला स्वतःची नळी. माझ्या नळ्या बाहेरून 1 पूर्णांक 5 अष्टमांश इंचाच्या, लांबीला अडीच-तीन फूट, आणि चारही खाली जाऊन 3 इंची कलेक्टरात मिळतात. म्हणजे 7 चा फटका 5 पर्यंत पोचायला आधी आपली नळी उतरणार, मग दुसरी चढणार. तोवर 5 चं काम उरकलेलं असतं. आणि गंमत पुढंच आहे. दाबाची लाट नळीच्या उघड्या टोकाला, म्हणजे कलेक्टराशी पोचली की उलटी होऊन परत येते, दाबाची नव्हे, ओढीची होऊन. तापलेल्या वायूत ती सेकंदाला 500 मीटरच्या वर धावते. ती नेमकी ओव्हरलॅपच्या वेळी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह जरासे उघडे असताना पोचली, तर सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून काढते आणि वर ताज्या मिश्रणालाही आत खेचते. पण ही वेळ एका ठरावीक आरपीएमच्या आसपासच जुळते. म्हणून लांब नळ्या खालच्या आणि मधल्या आरपीएमला साथ देतात, आखूड नळ्या वरच्या. आणि नळी जाड घेतली की जास्त पॉवर, हाही एक गैरसमज. माझ्यासारख्या स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच मूळ कॅमशाफ्टवाल्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) इंजिनाला फार जाड नळी लावली तर वायूचा वेग पडतो आणि सिग्नलवरून गाडी उठताना आळस करते.

उतरवण्याचं काम मात्र नुसतं शिव्या घालायचं होतं. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पन्नास वर्षांच्या बोल्टचं काय होतं ते तुला कळेल. आठवडाभर रोज संध्याकाळी तेल मारत होतो, तरी उजवीकडचा सगळ्यात मागचा बोल्ट हेडच्या तोंडाशी तुटला. शेजारी एक म्हातारबा आहेत, जनरल मोटर्समधून टूलरूमचं काम करून निवृत्त झालेले. ते काठी टेकत आले, बघितलं, आणि घरून मेणबत्ती घेऊन आले. मी म्हटलं, वीज तर आहे की! त्यांनी टॉर्चनं बोल्टाच्या बुंध्याभोवती तापवलं, लाल न करता, आणि मेणबत्ती तिथं टेकवली. मेण वितळून आट्यांत असं शोषलं गेलं की बघत राहावं. मग तुटक्या टोकावर एक नट ठेवून आतून वेल्ड भरलं, निवू दिलं, आणि पाना लावून आधी पाव फेरा पुढे, पाव मागे. किर्र आवाज करत सगळा बोल्ट बाहेर. आटे शाबूत. मी वाकून नमस्कारच केला, ते बिचारे गोंधळले.

चढवण्यात पहिली मेख जागेची. इंजिन माउंटचे बोल्ट सैल करून ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅकनं इंजिन जरा उचललं, तेव्हा कुठं नळ्या खालून आत सरकल्या. ड्रायव्हरच्या बाजूला क्लचच्या लिंकेजचा आडवा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्स, पलीकडे स्टार्टर. ऑटोमॅटिकवाल्यांना क्लचचा ताप नाही, तेवढे ते सुखी. हेडरचे बोल्ट मुद्दाम बारीक डोक्याचे असतात, कारण दोन नळ्यांच्या बेचक्यात मोठा पाना फिरतच नाही. 20-25 फूट-पाउंडाला आवळले. इंजिन पूर्ण तापवून, पूर्ण थंड करून परत एकदा आवळावे लागतात. बिडाचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टनं बसणारी पट्टी, जाड असतो, जागचा हलत नाही. हा पातळ नळ्यांना वेल्ड केलेला फ्लँज तापला की वळवळतो, आणि बोल्ट सैल करतो. इथं तुझ्या बिडाला पूर्ण मार्क.

नंतरच्या कटकटी एकेक करून आल्या. प्लगच्या एका वायरचं रबर नळीला टेकून वितळलं. त्यावर वायरी जरा लांबच्या घेऊन क्लिपांनी आवरल्या. स्टार्टर नळीच्या इतका जवळ की पेट्रोल भरून परत चावी मारली की नुसतं "टक". दहा मिनिटं निवली की पुन्हा फिरते. हा इथं घरोघरचा आजार आहे. मध्ये उष्णतेचा पत्रा लावला आणि छोटा गिअर-रिडक्शनचा स्टार्टर बसवला, तेव्हा गेला. नळ्यांवर पट्टी गुंडाळण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला, मी ऐकला नाही. पट्टी ओल धरते, आणि या मुलखात ओल आणि मीठ एकत्र आले की नळी आतून-बाहेरून गंजते. सिरॅमिक लेप दिलेल्या घेतल्या, महाग पडल्या.

आणि कार्बोरेटर. धूर सहज बाहेर पडू लागला की हवा जास्त आत येते, पण पेट्रोल जुन्याच हिशेबानं. प्लग काढून बघितले तर पांढरेफटक. क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या मीटरिंग रॉड, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सळ्या, बदलून मिश्रण जरा दाट केलं, तेव्हा प्लगांवर बिस्किटी रंग आला. त्यात जुन्या मॅनिफोल्डाच्या तोंडाशी एक झडप असायची, ती थंडीत गरम धूर इनटेकखालून फिरवून कार्बोरेटर तापवायची. हेडर लावले की तीही गेली. त्यामुळे आता ऑक्टोबरातल्या सकाळी पहिली काही मिनिटं गाडी खोकते, आणि मी तिला गोंजारत थांबतो.

मग पॉवर किती वाढली, असं तू विचारणारच. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, नेली नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. चार हजार आरपीएमच्या वर गाडी मोकळी धावते, एवढं पायाला नक्की कळतं. आता ब्रोशरातल्या आकड्यांचंही ऐक. माझ्या इंजिनावर 300 हॉर्सपॉवर छापलेले आहेत. त्याच वर्षी याच शेव्हेलमध्ये 454 घनइंचाचं एलएस-6 घेतलं तर 450. पण ते सगळे ग्रॉस आकडे. इंजिन गाडीबाहेर टेस्ट बेंचवर, पट्ट्यावर चालणारी जोडयंत्रं नाहीत, वाट अडवणारा सायलेन्सर नाही. 1972 पासून कंपन्या नेट, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले, आकडे द्यायला लागल्या, आणि सगळ्यांचे घोडे एका रात्रीत लंगडे झाले. म्हणजे आज हेडर लावून आपण जे मिळवतो, त्यातलं बरंचसं ब्रोशरनं आधीच आपल्या नावावर मांडून ठेवलेलं होतं!

कंपनीलाही हे ठाऊक होतं बरं. 1967 च्या कमारो झेड-28 ला हेडरची ऑर्डर दिली तर ते डिकीत घालून गाडी यायची, बसवायचे डीलरनं.

म्हातारबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत रेस लागायच्या, आणि पोरं हेडरच्या कलेक्टरांवरची झाकणं बोल्ट काढून उघडायची, म्हणजे धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर. तिकडे बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, इथं त्याच रस्त्यावर 1995 पासून दर ऑगस्टात ड्रीम क्रूझ नावाची जत्रा भरते. हजारो जुन्या गाड्या, फर्न्डेलपासून पॉन्टियाकपर्यंत. आणि वेग? वाकडगावच्या बैलगाडीचा! मी यंदा तिथं दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलोच नाही. पाय क्लचवर, शेजारून नळ्यांची धग, आणि हेडर जिथं खरे कामाला येतात ते आरपीएम सुट्टीवर. म्हणून कुणी मला विचारलं तर सांगतो: रस्त्यावर फिरवायची गाडी असेल, इंजिन स्टॉक असेल, आणि बिडाचा मॅनिफोल्ड धड असेल, तर तोच ठेव, खालचे पाइप आणि सायलेन्सर चांगले घे. कॅम बदलणार असशील, ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसच्या पट्टीवर, जाणार असशील, तर हेडर. आवाजासाठी लावत असशील तर तेही ठीक, पण मग तसं म्हण.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं. तो चिरलेला मॅनिफोल्ड मी तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलाय. चीर दुरुस्त होईल का? इथं एकानं सांगितलं, निकेल रॉडनं वेल्ड करा, पण आधी अख्खा तापवा आणि मग चुन्यात पुरून हळूहळू निववा, नाहीतर शेजारी नवी चीर जाईल. दुसरा म्हणतो, वेल्डला हातच लावू नका, पिना ठोकून शिवून घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, वेल्ड केला की फ्लँज वाकणार, मग मशीनवर घासावाच लागेल. तिघंही छातीठोक बोलतात, पण भट्टी तिघांपैकी एकाकडेही नाही. तुझ्याकडे भट्टीही आहे, मिलिंगही आहे, आणि उद्यमनगरातले ते तुझे वेल्डिंगवाले काका अजून काम करतात असं गेल्या वेळी म्हणालास.

डिसेंबरात येतोय. दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. एकीत मॅनिफोल्ड घालून आणतो, परतीला त्याच वजनाचा गूळ आणि चटणी जाईल. फक्त गंजक्या लोखंडाचा तुकडा कशासाठी आणलाय म्हणून विमानतळावर कस्टमवाल्यानं अडवलं, तर त्याला काय सांगायचं, ते आधी कळव.

काकूंना नमस्कार. वहिनींना म्हणावं, पांढऱ्या रश्श्याची आठवण काढतोय. पोरांना खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
अन्या