रंगमंचावरचा आजार आणि त्यामागची सत्ता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील एकांकिका स्पर्धांत आणि प्रायोगिक रंगभूमीवर समलिंगी व्यक्तिरेखा आता दिसू लागल्या आहेत, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र मी पाहिलेल्या बऱ्याच प्रयोगांत त्यांचा शेवट ठरलेला असतो. नायकाला एचआयव्हीची लागण होते किंवा तो जीव देतो, घरच्यांना पश्चात्ताप होतो आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. आजार तिथे नियतीसारखा येतो आणि कोणालाच त्याचा जाब द्यावा लागत नाही. माझा आक्षेप याला आहे.

अमेरिकन नाटककार टोनी कुशनर यांच्या ‘एंजल्स इन अमेरिका’ या नाटकातील रॉय कोन हा वकील इतिहासातला खरा माणूस. १९५० च्या दशकात कम्युनिस्टविरोधी मोहिमेसाठी गाजलेले अमेरिकन सिनेटर मॅकार्थी यांचा सल्लागार म्हणून समलिंगी सरकारी कर्मचाऱ्यांना देशासाठी धोकादायक ठरवण्याच्या मोहिमेत त्याचा हात होता. पुढे १९८६ मध्ये एड्सने मरेपर्यंत तो आपल्याला यकृताचा कर्करोग असल्याचेच सांगत राहिला. नाटकात निदान ऐकताच तो डॉक्टरांनाच दरडावतो, कारण त्याच्या लेखी समलिंगी म्हणजे ज्यांची कुठेच वट नाही अशी माणसे, आणि त्याची वट तर राष्ट्राध्यक्षांच्या घरापर्यंत आहे. त्याच वटीवर तो इतरांना दुर्लभ असलेले एझेडटी हे एड्सवरचे औषध साठवून ठेवतो, आणि प्रायर या एड्सग्रस्त सामान्य तरुणापर्यंत ते पोहोचते ते रॉयची शुश्रूषा करणाऱ्या एका कृष्णवर्णीय समलिंगी परिचारकामुळे. विषाणू एकच असूनही औषध कोणाला मिळणार हे सत्ता ठरवते, हे या नाटकाइतके स्पष्ट मी अन्यत्र पाहिलेले नाही. विशेष म्हणजे परिणामकारक उपचार हाती येण्यापूर्वीच्या या नाटकात प्रायर अखेरीस जिवंत राहतो.

आपल्याकडे मात्र २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे मोफत मिळत असताना, आणि ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण नगण्य झाल्यावर लैंगिक संबंधातून लागण होत नाही हे सिद्ध झालेले असताना, रंगमंचावरचा रुग्ण अजून दुसऱ्या प्रवेशात खोकू लागतो. ज्या पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या लेखकांनी इतकी माहिती तरी करून घ्यायला हवी.

नाटकातल्या संघर्षासाठी मरणच हवे असेही नाही. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कंडोम देण्यास प्रशासनाने नकार दिला आणि त्यातून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धची पहिली याचिका दाखल झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, चारच दिवसांनी एचआयव्हीग्रस्तांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा लागू झाला. पण त्याआधी २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी समलिंगी पुरुषांना रक्तदानासाठी सरसकट अपात्र ठरवले होते. रक्तपेढीतला अर्ज भरताना खरे लिहावे की खोटे, या एका पेचावर उत्तम एकांकिका उभी राहील.

विजय तेंडुलकरांच्या १९८१ च्या ‘मित्राची गोष्ट’मध्येही मित्रा ही समलिंगी नायिका आत्महत्या करते, परंतु तिला तिथवर ढकलणारी माणसे प्रेक्षकाला नीट दिसतात. आजच्या प्रयोगांतून नेमकी हीच माणसे गायब आहेत : तपासणीचा अहवाल परस्पर घरी कळवणारा डॉक्टर, खोली रिकामी करायला लावणारा घरमालक, समलिंगीपण घालवण्याच्या ‘उपचारां’साठी मुलाला फरफटत नेणारे वडील.

आपल्या वृत्तपत्राचे नाट्यसमीक्षकही अशा प्रयोगांची विषयाच्या धाडसापुरती पाठ थोपटून थांबतात. यापुढे परीक्षण लिहिताना त्यांनी या गायब माणसांविषयी लेखक-दिग्दर्शकांना अवश्य विचारावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नाट्यरसिक, पुणे