उद्या मॅचला गाड्या घरीच ठेवा
मंडळी, उद्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅचला येताना शक्यतो गाड्या आणू नका, खासबाग आणि रावणेश्वर मंदिराच्या बाजूला पार्किंगला जागाच उरत नाही आणि पेठेतल्या लोकांच्या दारात आडव्या गाड्या लावणं बरं दिसत नाही. बाहेरगावचे एसटीनं सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरले की लक्ष्मीपुरी, बिंदू चौक, मिरजकर तिकटी करत चालत या, अर्धा तास धरा. सोबत म्हातारं माणूस असेल तर केएमटीनं (शहर बसनं) मिरजकर तिकटीला उतरा, तिथनं स्टेडियम अगदी जवळ आहे. मॅच सुटल्यावर गर्दी लई होते, लहान पोरांचा हात सोडू नका, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा.