कोपीवे फुलली, काकू!

प्रिय काकू,

आपल्या कोपीवेच्या वेलीला तीन फुलं आली. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं झालं" म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

इथे इंग्लंडात, कॉर्नवॉलला घर घेतलं तेव्हा मी कोपीवे अगदी जाईसारखी लावली होती. दक्षिणेची भिंत, दिवसभर ऊन, बुंध्याशी आळं. पहिल्याच उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी खत घालत सुटले. तुम्ही आलात, चहाचा कप बाजूला ठेवलात आणि भिंतीच्या पायथ्याचा जुना चुना नखाने खरवडून दाखवलात. "ही चिलीच्या दक्षिणेकडच्या पावसाळी रानातली. मोठ्या झाडांच्या सावलीत, कुजक्या पानांच्या आंबट मातीत वाढते. आणि तू तिला चक्क चुना लावलास गं!"

मुळांना धक्का लागलेला तिला खपत नाही, तरी तुम्ही तिला हलवायचं ठरवलंत. सगळा गोळा मातीसकट उचलून गोणपाटावरून ओढत उत्तरेच्या भिंतीशी नेला. तुमचे गुडघे दुखत होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. वर पाइनच्या सालींचा थर, पाणी फक्त पिंपातलं, पावसाचं.

मग गोगलगायी. वसंतात जमिनीतून पेन्सिलीएवढा जाड, रसरशीत कोंब वर येतो आणि एका रात्रीत नाहीसा होतो. दोन वर्षं तेच झालं. तिसऱ्या वर्षी तुम्ही पाण्याच्या बाटल्या कापून कोंबांना गळपट्टे घातलेत. मी रात्री दहाला टॉर्च घेऊन अंगणात. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आता फुलं. सहा पाकळ्यांची, खाली लोंबणारी घंटा, राणी रंग, आत फिकट ठिपके. पाकळी इतकी मेणचट की खोटी वाटते. हे चिलीचं राष्ट्रीय फूल. शास्त्रीय नावातलं 'लापाजेरिया' आलंय नेपोलियनच्या पहिल्या बायकोच्या, जोसेफिनच्या माहेरच्या नावावरून. तुम्ही सांगितलेलं विल्यम लॉबचं मात्र मला जास्त आवडलं. १८४०च्या दशकात चिलीतून इंग्लंडला रोपं-बिया धाडणारा हा माणूस इथलाच, कॉर्नवॉलचा.

तिकडे हमिंगबर्ड परागीभवन करतात. इथे ते काम माझ्याकडे आलंय, मुलीच्या रंगपेटीतल्या ब्रशाने. फळ धरलं तर माझ्याआधी तुम्ही चाखायचं. तिथले मूळ रहिवासी, मापुचे लोक, पूर्वापार खातात म्हणे. बिया सुकू द्यायच्या नाहीत, हे लक्षात आहे. रोपाला फुलायला पुन्हा कित्येक वर्षं लागतील, तरी त्यातलं एक तुमच्या लेस्टरच्या नव्या घरासाठी. तिथल्या नळाचं पाणी जड, चुन्याचं आहे, तेव्हा आधी पिंप घेऊन ठेवा.

तुमची,
उत्तरेच्या भिंतीवाली